शून्य मार्कांचं उत्तर

चिंचवाडी, ता. नेवासे
१० सप्टेंबर १९७२

ती. मनूताईस,
राधूचा नमस्कार.

आत्याचे गुडघे कसे आहेत? दाजींना नवीन चष्मा मानवला का? इकडे पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. बाजरी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली. सरकारी खडीची कामं निघायला लागलीत आणि शाळेतला पट रोज दोन-तीनने उतरतोय.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. तू नगरला मुलींच्या हायस्कुलात पंधरा वर्षं विज्ञान शिकवतेस, म्हणून तुला विचारतो. आमच्या इथे एक मास्तर आहेत. नाव कशाला, माणूस चांगला आहे. त्यांनी अकरावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना वहीत उतरवून दिलं की हवेचा थर संपला की गुरुत्वाकर्षण संपतं, आणि म्हणूनच चंद्रावर जाणारी माणसं यानात तरंगतात. चाचणीत हाच प्रश्न घातला. चव्वेचाळीस जणांनी वहीतलं उत्तर लिहिलं. एका विद्यार्थ्याने लिहिलं की गुरुत्वाकर्षण तिथेही असतंच, नाहीतर चंद्र केव्हाच निघून गेला असता. ती माणसं यानासकट पडत असतात म्हणून तरंगतात. मास्तरांनी शून्य मार्क दिले. आता हेडमास्तर मला म्हणतात, निमसे, जरा शहानिशा करा.

पुस्तकात याचा उलगडा नाही. तिथे नुसतं सूत्र आहे. तेव्हा खरं कोणाचं, ते मुलांना समजेल अशा भाषेत लिही. घाई काही नाही.

तुझा,
राधाकृष्ण

ता. क. जमल्यास उलट टपाली लिही.


नगर
१५ सप्टेंबर १९७२

चि. राधूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये उघडलं आणि मी एवढ्यानं हसले की काय झालं म्हणून मोठ्या बाई आतून बाहेर आल्या. मग त्यांनाही वाचून दाखवलं. हवा संपली की गुरुत्वाकर्षण संपलं! म्हणजे हवेनंच आपल्याला जमिनीला चिकटवून ठेवलंय म्हण की! कोण रे हा महात्मा? त्याला आधी पहिलीच्या वर्गात पाट टाकून बसव.

आता तुझ्या शहानिशेचं. त्या महात्म्याला विचार, चंद्रापर्यंत हवा आहे का? नाही ना? मग तो कोणाच्या धाकानं आपल्याभोवती फिरतोय? ज्वारीवरची पाखरं हाकायला आपण गोफण फिरवायचो ते आठव. दोरी ओढून धरते तोवर दगड गोल फिरतो, दोरी सुटली की सरळ सुटतो. चंद्राला दिसणारी दोरी नाही, एवढाच फरक. पृथ्वीची ओढ हीच त्याची दोरी.

पुढचं जरा अवघड आहे, सावकाश शिकव. चांदबिबीच्या महालावर चढून दगड आडवा फेकला तर तो थोडा पुढे जाऊन पडतो. जोरात फेकला तर आणखी पुढे. समज इतक्या जोरात फेकला की तो जेवढा खाली येतो तेवढीच पृथ्वीची गोलाईही त्याच्याखालून वळत जाते. मग तो पडतच राहणार आणि जमिनीला कधी लागणारच नाही. चंद्राचं तेच चाललंय. यानाचं तेच आणि आतल्या माणसांचंही तेच. सगळी एकत्र पडतात, म्हणून कोणाचा भार कोणावर येत नाही.

आणि राधू, मुलांना एवढ्यावर सोडू नकोस. सूर्य नऊ ग्रहांना बांधून आहे तो याच ओढीनं. सूर्य तरी काय, वायूचा पसारा आपल्याच ओढीनं गोळा होत गेला, दाबला गेला, तापला, पेटला. आकाशात जेवढे तारे आहेत ते असेच झाले. ही ओढ नसती तर विश्वात नुसता धुरळा राहिला असता. हे सांगताना पोरींचे डोळे बघायला मला अजून आवडतं.

त्या पोराला माझी शाबासकी सांग. कोणाचा कोण तो? नाव कळव. आणि महात्म्याला म्हणावं, ज्या वर्गात चुकलास त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे उभं राहून चूक कबूल कर. नाहीतर खडू खाली ठेव.

तुझी,
मनूताई


चिंचवाडी
८ ऑक्टोबर १९७२

ती. मनूताईस नमस्कार.

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. सहामाहीच्या गडबडीत उत्तर राहिलं.

त्या मास्तरांनी वर्गात दुरुस्ती केली. म्हणजे जुनी टीप बाजूला ठेवून नवीन टीप उतरवून दिली. मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतली, कोणी काही विचारलं नाही. गोफणीचं उदाहरण त्यांना आवडलं.

तू शाबासकी सांगितलीस ती मात्र पोचवता आली नाही. तो मुलगा नाही, मुलगी आहे. पुष्पावती भिंगारदिवे. बौद्ध वस्तीतली. तिने शाळा सोडली. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते. काय करणार, दुष्काळच असा पडलाय. घरोघर हेच चाललंय.

तुमच्याकडे नगरला एखाद्या वसतिगृहात तिची सोय होईल का? हुशार आहे. इथून दूर गेली तर तिचं बरंच होईल.

राधाकृष्ण


नगर
१३ ऑक्टोबर १९७२

चि. राधूस,

मागच्या दिवाळीत पाटावर बसून करंज्या खाताना तू दाजींना काय सांगत होतास ते मला शब्द न् शब्द आठवतं. "आमच्या शाळेत विज्ञानाला मी एकटाच. आठ वर्षं एकहाती सांभाळतोय." हेच म्हणाला होतास ना? मग हे दुसरे मास्तर कुठून उगवले रे?

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी बसले हसत. पाच बायकांना वाचून दाखवलं, टाळ्या घेतल्या. आता त्याच बायका विचारतात, "तुमच्या त्या महात्म्याचं पुढे काय झालं?" आणि मी विषय बदलते. माझा मलाच राग येतोय, तुझा तर येतोच आहे.

चूक कोणाचीही होते. मीही एकदा दोन महिने भिंगाचं चित्र उलटं शिकवलं होतं. त्याचं काही नाही. पण मला तुझी दुष्काळाची गोष्ट पटत नाही. बौद्ध समाजातल्या मुलीला फी माफ असते. अकरावीचं वर्ष अर्धं झालेलं. आणि जी पोरगी सगळ्या वर्गाच्या वहीविरुद्ध आपल्या मनातलं लिहिते, ती खडीच्या चार पैशांसाठी परस्पर शाळा सोडेल? शून्य मार्क मिळाले म्हणून पोरी शाळा सोडत नाहीत, राधू. पंधरा वर्षं मी पोरीच बघतेय.

तू तिला काय बोललास?

मनूताई


चिंचवाडी
२२ ऑक्टोबर १९७२

ताई,

चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा कागद फाडला.

मास्तर मीच. ते तू ओळखलंस. पण गुरुत्वाकर्षणाची चूक कबूल करणं मला आता सोपं वाटायला लागलंय. बाकीचं लिहिताना हात थांबतो.

माझी एक पद्धत आहे. चाचणीचे पेपर तपासले की शनिवारी शेवटच्या तासाला चुकीची उत्तरं मोठ्याने वाचून दाखवायची. नाव घ्यायचं, उभं करायचं, वाचायचं. वर्ग हसतो. मला वाटायचं, यानं मुलं सुधारतात. खरं सांगायचं तर मला तो हशा आवडायचा.

त्या शनिवारी तिचं उत्तर वाचलं. तिने लिहिलं होतं, "पंचमीला झोका उंच जाऊन खाली येताना अंग हलकं होतं आणि पोटात गोळा येतो. तेव्हा पृथ्वीने ओढणं सोडलेलं नसतं. आपण आणि झोका दोघेही पडत असतो. यानातल्या माणसांना तसंच सारखं होत असेल." वर्ग हसून लोळला. मीही हसलो. एवढं नीट उत्तर, ताई. आज ते वाचून मान खाली जाते. तेव्हा मला त्यात फक्त माझ्या टिपेचा अपमान दिसला.

मी विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "कोणी नाही सर. मी विचार केला."

आणि मी म्हणालो, "विचार करायचं काम तुमच्या वस्तीत कधीपासून सुरू झालं?"

असं म्हणालो. चव्वेचाळीस मुलांसमोर. पुन्हा हशा झाला. ती रडली नाही. वह्या गोळा केल्या, दप्तरात भरल्या, आणि मला म्हणाली, "सर, मी जाऊ का?" परवानगी मागितली तिने. मी म्हणालो, "जा." ती गेली ती पुन्हा आली नाही.

घरी मी असलं कधी बोलत नाही असं मला वाटायचं. पण तोंडातून आलं ते आधी शोधावं लागलं नाही, आयतं होतं. ते कुठे होतं इतके दिवस? रात्रंदिवस हेच डोक्यात घोळतं.

गेल्या बुधवारी खडीच्या कामावर गेलो होतो. ती बसली होती, हातात हातोडी, बोटाला चिंधी. मला बघून तिने पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली. मुकादमाने विचारलं, "काय काम काढलं गुरुजी?" मी म्हणालो, नेवाशाची एस.टी. इथे थांबते का ते विचारायला आलो. आणि परत फिरलो.

तिला वसतिगृहात धाडायचं मी कशासाठी म्हणत होतो ते तुला कळलंच असेल. ती रोज नजरेसमोर नको होती मला.

मॅट्रिकचे फॉर्म ३० नोव्हेंबरपर्यंत घेणार असं हेडमास्तर म्हणतात. तोवर ती आली नाही तर तिचं वर्ष गेलं. आणि एकदा वर्ष गेलं की ते पुढे लग्नच करून टाकतील. काय करू ते सांग.

राधू


नगर
२६ ऑक्टोबर १९७२

राधू,

तुझं पत्र स्वयंपाकघरात दार लावून वाचलं. दाजींना दाखवलं नाही. आत्याला तर नाहीच नाही. लाज वाटली. तुझी वाटली, आणि आपल्या घराचीही वाटली. आयतं कुठे होतं म्हणून विचारतोस? आपल्याच ओसरीवर होतं. तू आणि मी तिथेच वाढलो. गड्यामाणसांना काय काय बोललं जायचं ते आपण खेळता खेळता ऐकत होतो. मी ते कधी वर्गात बोलले नाही एवढ्यावर फार शहाणी समजत होते स्वतःला.

काय करू म्हणतोस, तर मी आधीच लिहिलंय. तोच वर्ग, तोच फळा, तेच तोंड. आधी तिच्या आईवडिलांकडे जा. वसतिगृह-बितिगृह काही मिळणार नाही माझ्याकडून. तुझी चूक मी नगरला ठेवून घेणार नाही.

मनूताई


(पोस्टकार्ड)
नगर, १६ नोव्हेंबर १९७२

दिवाळीला आला नाहीस. भाऊबीजेला ताट मांडून बसले होते. तीस तारखेला चौदा दिवस उरले.

— म.


चिंचवाडी
१९ नोव्हेंबर १९७२

श्री. सहादू भिंगारदिवे यांस,
राधाकृष्ण निमसे यांचा नमस्कार.

आजवर मी तुम्हांला अरे-तुरे करत आलो. तुम्ही माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आहात. त्याबद्दल आधी माफी मागतो.

आपली मुलगी पुष्पावती हिने चाचणीत लिहिलेलं उत्तर बरोबर होतं. मी शिकवलेलं चूक होतं. तरी मी तिला शून्य मार्क दिले आणि ते उत्तर हसण्यासाठी वाचून दाखवलं. ती "मी विचार केला" म्हणाली, त्यावर मी सर्व मुलांसमोर म्हणालो की विचार करायचं काम तुमच्या वस्तीत कधीपासून सुरू झालं. हे बोलणं नीच होतं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

येत्या शनिवारी मी हे सगळं वर्गात कबूल करणार आहे. तिने शाळेत परत यावं. फॉर्मची शेवटची तारीख ३० आहे. ती आली नाही तर तिचं नुकसान माझ्यामुळे होईल.

आपला,
राधाकृष्ण निमसे


चिंचवाडी
२३ नोव्हेंबर १९७२

निमसे मास्तर, जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. मी चौथी शिकलोय, म्हनून मीच वाचलं. दोनदा वाचलं.

पोरीनं आमाला यातलं काय बी सांगितलं न्हवतं. ती म्हनली, आई एकटीच खडीवर जाती, मला शाळेत बसवत न्हाई. आमी तिला लई बोललो. मी म्हनलं, बाबासायबांनी शिका म्हनून सांगितलं आनि तू हातोडी घेती व्हय? तिच्या आईनं, भागिरथीनं, दोन दिस बोलनं टाकलं. तरी पोरगी गप. तुमी काय बोलला ते तिनं आमच्या कानावर येऊ दिलं न्हाई. आमाला वाईट वाटंल म्हनून ती तीन महिने खडी फोडत बसली. ते तुमी कागदावर लिवून घरपोच दिलं. भागिरथी काल जेवली न्हाई.

दुसरं इचारतो. तुमचं घर आनि आमचं घर यात किती अंतर हाय? मारुतीच्या पारावर उभं राहून हाक मारली तर दोनी घरात ऐकू जाती. तुमी तिकीट लावून पत्र टाकलं. ते नेवाशाला गेलं, शिक्का खाल्ला, आनि तीन दिसांनी परत गावात आलं. तुमाला चालत यायला काय झालं?

शनवारी मी शाळंत येतो. कागदावर लिवलं ते तोंडानं बोला. मला कागदात अहो-जाहो केलंय, ते बी वर्गात करा. पोरगी येईल का न्हाई ते ती ठरवील. मी तिला सांगनार न्हाई.

सहादू भिंगारदिवे


चिंचवाडी
२६ नोव्हेंबर १९७२

ती. मनूताईस,

सहादूंचं पत्र यासोबत ठेवलंय. वाचून परत पाठव. ते मला माझ्याजवळ हवंय.

बघितलंस? माफी मागायला गेलो आणि जे पोरीने छातीशी दाबून ठेवलं होतं ते तिच्या आईबापापुढे मीच ओतलं. मी तिच्या बाजूने विचारच केला नव्हता. माझ्या मनावरचं ओझं उतरवायची घाई झाली होती मला.

पत्र हातोहात मिळालं त्याच संध्याकाळी चालत गेलो. दोनशे पावलं असतील, ताई. आठ वर्षांत पहिल्यांदा गेलो. सहादू कामावरून यायचे होते. भागिरथीबाई सुपात रेशनची मिलो ज्वारी निवडत होत्या. मी बोलायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "समद्यांसमोर बोलला ना गुरुजी? मंग समद्यांसमोरच सांगा. मला एकटीला नका सांगू." पुष्पावती घरात होती. बाहेर आली नाही.

शनिवारी शेवटच्या तासाला सहादू आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. दाराशी थांबले. मी म्हणालो, "या, सहादूजी. बसा." 'बसा' म्हटल्याबरोबर सगळा वर्ग मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. ते बसले नाहीत. मागच्या भिंतीपाशी उभे राहिले.

मी वह्या उघडायला लावल्या. ऑगस्टमधली टीप काढून तिच्यावर रेघ मारा म्हटलं. ही टीप चूक आहे आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागलो. गोफण, महालावरचा दगड, पडणारा चंद्र, सूर्य कसा पेटला, सगळं. झोक्याचं उदाहरण दिलं आणि ते पुष्पावती भिंगारदिवेचं आहे हेही सांगितलं. ताई, तसा तास मी आठ वर्षांत शिकवला नसेल, इतका छान झाला. पोरं वाकून वाकून ऐकत होती. मी रंगलो. आणि रंगता रंगता लक्षात आलं, घंटा व्हायला पाच मिनिटं आहेत आणि मी मुद्दाम वेळ काढतोय. सहादू भिंतीशी तसेच उभे. त्यांना चंद्राशी काही देणंघेणं नव्हतं.

मग मी बोललो. "त्या दिवशी मी काहीबाही बोललो" असं म्हणून भागणार नव्हतं. ते वाक्य पुन्हा जसंच्या तसं उच्चारावं लागलं. उच्चारलं, आणि वर्गात एक पोरगा फिसकन हसला. पहिल्या वेळी हसला होता त्याच ठिकाणी. त्याला रागवायला तोंडच नव्हतं. मी वाचायचं आणि त्यांनी हसायचं, ही सवय मीच लावलेली. मी म्हणालो, "हे वाक्य बोलणारा माणूस तुमचा मास्तर आहे, याची मला लाज वाटते. मी सहादूजींची आणि पुष्पावतीची माफी मागतो." आवाज फुटला माझा. 

सहादूंनी विचारलं, "झालं?"

मी म्हणालो, "झालं."

"बरं," म्हणाले आणि गेले. क्षमा केली की नाही ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पुष्पावती आली नव्हती. चार दिवस उरलेत. तिला स्वतः लिहायचं म्हणून तू मधल्या पत्रात पत्ता मागितला होतास. तिचं नाव आणि चिंचवाडी एवढं पुरे. मात्र शाळेच्या पत्त्यावर पाठवू नकोस, घरी पाठव.

राधू


चिंचवाडी
२१ जानेवारी १९७३

ती. मनूताईस नमस्कार.

ती आली हे तुला कळवलंच होतं. एकोणतीस तारखेला सकाळी ती दप्तर घेऊन आली आणि हेडमास्तरांपुढे बसून तिने फॉर्म भरला. तू लिहिलंस, "सुटलास." मलाही तेव्हा तसंच वाटलं. घरी जाऊन देवापुढे दिवा लावला.

पण आता पावणेदोन महिने झाले, आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुष्पावती रोज येते. दुसऱ्या बाकावर बसते. काय विचारलं तर उभी राहून उत्तर देते. 'हो सर', 'नाही सर'. शनिवारची वाचनं मी केव्हाच बंद केली. आता मी प्रत्येक धड्याला म्हणतो, कोणाला शंका आहे का, वेगळं काही वाटतं का? बाकीची पोरं हळूहळू विचारायला लागलीत. हसणाऱ्या त्या पोराने तर परवा मला चांगलंच अडचणीत आणलं. ती विचारत नाही.

तिचे पेपर तपासायला घेतो. मी उतरवून दिलं ते आणि तेवढंच, कानामात्रेचा फरक नाही. पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतात. मी लाल पेन घेऊन शोधत बसतो, कुठे एखादं वाक्य तरी तिचं स्वतःचं सापडतंय का म्हणून. सापडत नाही.

मंगळवारी मी एक गोष्ट केली. फळ्यावर मुद्दाम चूक लिहिली, की अंतर दुप्पट झालं तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं. चौथाई होतं, हे तिला ठाऊक आहे. तिनेच मागच्या आठवड्यात गणित सोडवलं होतं. लिहिलं आणि थांबलो. तिच्याकडे बघत राहिलो. तिने फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून 'निम्मं' असं लिहून घेतलं. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, चुकलंय!" मी पुसलं. तिनेही पुसलं.

तिला शाळेत परत आणलं असं मी गावाला सांगत होतो. काय आणलं मी, ताई? विचार करणारी पोरगी होती ती. मी तिचा विचारच मारला. आणि आता ती माझ्यापुढे पैकीच्या पैकी मार्क घेऊन बसते.

तुझा,
राधू


चिंचवाडी
२८ जानेवारी १९७३

आदरणीय मनकर्णाबाई यांस,
पुष्पावतीचा जयभीम.

तुमचं दुसरं पत्रही मिळालं. पहिल्याला उत्तर दिलं नव्हतं, त्याबद्दल राग मानू नका. तुम्ही निमसे सरांच्या बहीण, म्हणून मला आधी वाटलं सरांनीच लिहायला लावलं असेल. आता तसं वाटत नाही. तुम्ही लिहिलंत की तुम्हीही सरांचं पत्र वाचून स्टाफरूममध्ये हसला होतात. मोठी माणसं असं कबूल करत नाहीत. म्हणून लिहिते.

तुम्ही विचारलंत की वर्गात मी प्रश्न का विचारत नाही. सरांवर माझा राग नाही. माझे वडील, दादा, त्या शनिवारी घरी येऊन म्हणाले, मास्तर सगळ्यांसमोर रडायला आला होता. सर बदलले आहेत, ते मला दिसतं. त्यांनी माफी मागितली आणि मी मनातून माफ केलं. पण हात वर करायला गेलं की ते वाक्य मला आधी ऐकू येतं आणि हात वर होत नाही. माझा विचार चुकीचा निघाला तर चालेल. पण तो कोणापुढे ठेवायचा, ते मी ठरवणार.

सोळा तारखेच्या मंगळवारी सरांनी फळ्यावर चूक लिहिली. ती मुद्दाम लिहिली हे मला लगेच कळलं, कारण लिहून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. मी बोलावं असं त्यांना वाटत होतं. मला त्यांची दया आली. तरी मी ते तसंच उतरवून घेतलं.

माझ्याकडे वेगळी वही आहे, त्यात सतरा प्रश्न झालेत. त्यातला पहिला विचारते. पृथ्वी चंद्राला ओढते, तर चंद्रही पृथ्वीला ओढतो का? ओढत असेल तर पृथ्वीही थोडी थोडी पडत असणार, एका जागी बसून राहत नसणार. आणि लहान मोठ्याला ओढतो ती ओढ, मोठा लहानाला ओढतो तेवढीच असते का? मी विचार केला तर ती सारखीच यायला हवी. पण पुस्तकात फक्त मोठ्याचंच लिहिलंय.

चूक असेल तर सरळ चूक म्हणून लिहा. बाकीचे सोळा मागाहून पाठवते.

एक विनंती आहे. यातलं सरांना काही कळवू नका. मी आता विचार करत नाही असं त्यांना वाटतं. परीक्षा होईपर्यंत तरी त्यांना तसंच वाटू दे.

आपली,
पुष्पावती सहादू भिंगारदिवे